देवीआधी वाढलेली खीर

कुमुद गेल्यावर चार महिने मी देवापुढे दिवा लावला नाही. त्रागा केला, देवाला बोल लावले, असं काही नाही. नुसतं लावणं थांबवलं. देव्हारा तिचा होता, फुलं तिची, स्तोत्रं तिची. मी चौतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात नर्स होते. पहाटेच्या ड्यूटीला निघताना उंबऱ्यातूनच हात जोडायचे एवढीच माझी भक्ती. आम्ही दोघी बहिणी, दोघींनीही लग्न केलं नाही. लहानपण कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत गेलं, आणि निवृत्तीनंतर वारज्याला छोटा फ्लॅट घेऊन एकत्र राहिलो. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मला ‘ताई’ म्हणायची आणि माझ्या हुकमांकडे सरळ दुर्लक्ष करायची.

त्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “ताई, डोकं फार दुखतंय गं.” मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “गोळी घे आणि पड जरा.” अर्ध्या तासाने भांडं पडल्याचा आवाज आला तेव्हा उठले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्तदाब मोजायचं यंत्र माझ्या उशाशी, कपाटात होतं. आयुष्यभर परक्या माणसांच्या एका हाकेला धावलेली मी, त्या हाकेला उठले नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांनाही नाही.

ज्येष्ठात तिचं कपाट आवरायला घेतलं. तळाशी एक पिशवी निघाली. त्यात हिरवी नऊवारी, खण, हळदकुंकवाच्या पुड्या, आणि तिच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘ताई ऑपरेशनमधून सुखरूप घरी आली की वाघजाईची ओटी उपाशीपोटी भरीन.’ दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. नोकरीच्या सुरुवातीला कुमुद पानशेतच्याही पलीकडे, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीतल्या शाळेवर दोन वर्षं होती. ही तिथली देवी. मी सुखरूप आले, पण पथ्यपाण्यात, माझ्या उठबशीत तिचं जाणं राहून गेलं. चिठ्ठी वाचून माझ्या डोक्यात एक भलता विचार शिरला, तो निघेना. हिने आणखी काय काय कबूल केलं होतं? माझ्या जागी मला ने, असं तर म्हणाली नसेल? मला असल्या गोष्टी पटत नाहीत, असं मी स्वतःला रोज सांगत होते, आणि रोज त्याच विचाराने जागी होत होते.

शेवटी ठरवलं की ओटी नेऊन टाकायची. श्रद्धेने नव्हे. तिथे जाऊन म्हणायचं, घे, तुझं तुला पोचलं, आता आमचा-तुझा संबंध संपला. वार बघितला नाही, तिथी बघितली नाही. बुधवारी एसटीला गर्दी कमी म्हणून बुधवार. आषाढ संपत आला होता, पाऊस आठ दिवस लागून राहिला होता. शेजारणीने सांगितलं की इतक्या पावसात एकट्या कशाला जाता, मी येते सोबत. मी म्हणाले, मला जमतं. हे माझं लाडकं वाक्य होतं. नारळ विकत घेतला, मुठीएवढे तांदूळ पुडीत बांधले. नवस तिचा, तेव्हा तिच्याच पद्धतीने, म्हणून उपाशी निघाले. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, हात आपसूक गेला म्हणून, मधुमेहाची सकाळची गोळी मात्र घेतली. ती गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं, हे मी शेकडो रुग्णांना दटावून सांगितलं असेल. बिस्किटं आहेत बरोबर, असं मनाशी म्हटलं.

खडकवासल्यापर्यंत एसटी भरलेली होती, मग रिकामी होत गेली. धरण मागे पडलं तसं शहर एकदम तुटलं. दोन्ही बाजूंना खाचरं, पाण्यात वाकून भात लावणाऱ्या बायका, डोंगरांवरून सुटलेल्या पांढऱ्या धारा. पुढे बस सोडून जीप धरली. एका ओढ्याशी जीप थांबली. पाणी रस्त्यावरून वाहत होतं. ड्रायव्हर म्हणाला की आज काही हे उतरत नाही, मागं चला. जीपमधले दोन गावकरी मात्र वरच्या अंगाला असलेल्या लाकडी साकवावरून, पायवाटेने निघाले. वाडी तिथून तासाभरावर होती. त्यातले पिकल्या मिशांचे गृहस्थ थांबून म्हणाले की पिशवी द्या इकडं, आमच्याबरोबरच चला. मी म्हणाले, “मला जमतं. तुम्ही व्हा पुढे.” ते नाइलाजाने पुढे झाले. पाच मिनिटांत धुक्याने दोघांना गिळलं.

मी चालत होते. सुरुवातीला बरंही वाटलं. ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा वास, कारवीची झुडपं, पायाखालून धावणारं पाणी, आणि माणसाचा मागमूस नाही. मग त्या गार पावसात मला घाम फुटला. हाताची बोटं थरथरू लागली, ओठ बधिर झाले, समोरची वाट दोन दोन दिसायला लागली. पुस्तकात लिहिलेलं असतं त्याच क्रमाने एकेक लक्षण येत होतं आणि मी ते ओळखत होते. रक्तातली साखर उतरत चालली होती. बिस्किटांची छोटी पिशवी शोधली तेव्हा आठवलं, ती मी एसटीच्या खिडकीजवळ अडकवली होती आणि तिथेच राहिली. मोबाइलला रेंज नव्हती. उरला नारळ. देवीचा नारळ कसा फोडायचा, असं मनात आलं. जिच्याशी संबंध तोडायला निघाले होते तिचाच मुलाहिजा! तरी शेवटी दगडावर आपटला. हातात जोरच नव्हता. नारळ निसटला, उतारावरून गडगडत गेला आणि खाली ओढ्यात पडल्याचा आवाज आला.

मी चिखलात बसले. आता काय होणार हे मला नेमकं ठाऊक होतं. आधी भ्रम, मग शुद्ध जाईल. काय करायचं तेही ठाऊक होतं: चार चमचे साखर, एवढंच. चौतीस वर्षांचं ज्ञान शाबूत होतं आणि चार चमचे साखर नव्हती. त्या क्षणी मी देवाला हाक मारली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी म्हणाले, “कुमुद, उठता येत नाही गं.” मोठ्याने म्हणाले. आपण कुणाला हाक मारतो आहोत, ती कधीची गेली आहे, हेही तेव्हा नीट कळत नव्हतं.

त्यानंतरचं तुटक तुटक आठवतं. धुक्यातून एक मोठं पान चालत यावं तसं काही दिसलं. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेली बाई होती ती. तिने माझा खांदा हलवला. मी पुटपुटले, “साखर... गोड काहीतरी.” तिने चिखलातच बैठक मारली. हातातला पितळी डबा उघडला, मला पाठीमागून छातीशी धरलं, आणि बोटांनी माझ्या तोंडात काहीतरी कोमट, गोड, मऊ घालायला लागली. गुळाची तांदळाची खीर होती. अर्धी हनुवटीवरून सांडत होती, ती निपटून परत भरवत होती. “गिळा ताई, गिळा. आणिक घ्या.” ताई. चार महिन्यांत ही हाक मला इतक्या जवळून कुणी मारली नव्हती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी ओठ परत आले, मग बोटं, मग वाट पुन्हा एक झाली. पाहिलं तर मी त्या बाईच्या मांडीला टेकून बसले होते आणि डबा रिकामा होता. डब्याच्या झाकणावर हळदकुंकू होतं, शेजारी द्रोणात फुलं. ते बघून मला कळलं.

“हा देवीचा नैवेद्य होता,” मी म्हणाले.

“व्हता की. आता तुमी खाल्ला,” ती म्हणाली. “तिला करीन परत. तिला काय घाई हाय?”

तिचं नाव हौसाबाई. पंचेचाळिशीची असेल. उठून चालण्याआधी तिने मला सांगितलं ते असं: आखाडात वाडीतलं प्रत्येक घर देवीला नैवेद्य दाखवतं. तिला मंगळवारीच जायचं होतं, पण सासूला ताप आला म्हणून एक दिवस उशीर झाला. देवळाची नेहमीची वाट आज पाण्याखाली होती, म्हणून लांबच्या या वाटेने आली. वर्षात दोनदाही या वाटेने येणं होत नाही म्हणाली. हे तिने सहज सांगितलं, जसं एखाद्याने पावसाचं किंवा म्हशीचं सांगावं. यावर मी काही भाष्य करणार नाही. जसं घडलं तसं लिहिते आहे.

तिच्या घरी मी दोन दिवस राहिले, कारण ओढा उतरला नाही. कुडाच्या भिंतींचं, कौलारू, लांबट घर. एका अंगाला म्हैस आणि चार शेळ्या, दुसऱ्या अंगाला माणसं, मध्ये चूल. धुराने डोळे चुरचुरत होते, पण उबही त्या धुरातच होती. हौसाबाईने माझं ओलं लुगडं-पोलकं काढून घेतलं, चुलीवरच्या दोरीला वाळत घातलं आणि आपलं पातळ मला नेसवलं. नेसवलं म्हणजे खरोखरच नेसवलं, निऱ्या तिने केल्या, माझे हात अजून कापत होते. रुग्णांना मी असं हजारदा नेसवलं असेल. नेसवून घेणाऱ्याला ते कसं वाटतं, मला माहीत नव्हतं. आधी शरम वाटली. मग तीही दमली.

त्या गोळीचा असर दिवसभर टिकतो. म्हणजे साखर पुन्हा उतरणार होती. मला मिनतवारीने हे सांगावं लागलं की दर दोन तासांनी मला काहीतरी खायला लागेल. ज्या घरात दुकानातला चहा-साखरेचा पुडा जपून वापरत असतील, त्या घरात तोंड उघडून मागायचं. हौसाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. गुळाचा काळा चहा आला, मग नाचणीची भाकरी आणि भारंगीची भाजी, मग भात आणि कुळथाचं पिठलं, मग परत गुळाचा खडा. तिचे यजमान भिजत गोठ्यातून आले, मला बघून फक्त एवढंच विचारलं की पाव्हण्यांना जेवायला घातलं का. मी म्हणाले, तीनदा. ते हसले आणि म्हणाले की आमचा सगळा पाऊस धरणातून तुमच्या पुण्यालाच जातो, तुम्ही कशाला एवढ्या लांब भिजायला आलात.

सासूबाई ऐंशीच्या घरात होत्या. घोंगडीत गुरफटून चुलीशी बसलेल्या. मी त्यांची नाडी पाहिली, छाती ऐकायला कान लावला. साधा पावसाळी ताप होता, उतरत आला होता. माझ्या पर्समधली तापाची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हुशारी वाटली तेव्हा त्यांनी मला विचारलं की एवढ्या पाण्यापावसात देवीकडे काय काम काढलं. मी सांगितलं की बहिणीचा नवस आहे, ती इथल्या शाळेवर होती, चाळीस वर्षं झाली. शाळा कधीच बंद पडली होती. कुणाला आठवत असेल अशी आशा मी धरली नव्हती.

म्हातारीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, “बारकुशी बाई. बेडकाला भ्यायची ती?”

कुमुद बेडकाला भ्यायची. कसब्यातल्या मोरीपाशी बेडूक निघाला की ती कॉटवर चढून बसायची.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवं होतं. कुमुद तिथे आली तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात वाट तुटली, रॉकेल संपलं, स्टो बंद. दोन दिवस ती शाळेच्या खोलीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ताटली घेऊन यांच्या दारात आली आणि म्हणाली, मावशी, भूक लागली आहे. त्यानंतर आखाड-श्रावण यांच्याकडेच जेवली. आणि मला मात्र तेव्हाची तिची पत्रं पाठ आहेत. ‘मी मजेत आहे. रोज स्वयंपाक करते. तू काळजी करू नकोस.’ मी काळजी करीन, रागावेन, बदलीसाठी खटपट करीन, म्हणून तिने मला कळू दिलं नव्हतं. “लाजायची न्हाय,” म्हातारी म्हणाली. “पोटभर खायची. मला लई ग्वाड वाटायचं तिला वाढताना.”

आजवर मी कुमुदला भाबडी समजत आले होते. कुणी काही दिलं की घेणारी, शेजारणीकडून ताक आणणारी, रिक्षावाल्याशीही सुखदुःख बोलणारी. मला वाटायचं, माझ्या आधारावर हिचं चाललं आहे. त्या चुलीशी बसून पहिल्यांदा वाटलं की तिच्याकडे असलेली एक मोठी गोष्ट मला कधीच आली नाही.

आणि मग, का कोण जाणे, मी त्या परक्या म्हातारीला मनातलं सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं, आणि तिने माझ्या बदल्यात स्वतःला तर देऊ केलं नसेल ना, ही भीतीही सांगितली. हे शब्द पहिल्यांदाच तोंडाबाहेर पडत होते. हौसाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. म्हातारीने मात्र जराही गांभीर्य दाखवलं नाही. एखाद्या पोराचा गैरसमज काढावा तशी म्हणाली, “आमची वाघजाई मान्सं घेत न्हाय, बाई. तिला साडी लागती, निवद लागतो, बास. मान्सं आपापल्या टायमाला जात्यात. तिच्या माथी कशाला मारता?”

एवढंच. पण चार महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी त्या वाक्यासरशी खाली उतरलं. मला वाटलं होतं मी देवीला जाब विचारायला आले आहे. तिची बाजू मांडायला तिच्या गावची एक तापातून उठलेली म्हातारी पुरे झाली.

शुक्रवारी पहाटेपासून पाऊस थोडा उघडला. हौसाबाईने पुन्हा खीर केली, डबा बांधला, आणि आम्ही तिघं देवळाला निघालो. वाटेत तिच्या यजमानांनी निसरड्या जागी हात पुढे केला. मी तो धरला. देऊळ म्हणजे चार खांबांवर पत्रा, त्याखाली शेंदूर लावलेला, नाकडोळे नसलेला गोल दगडाचा तांदळा, समोर दरी आणि दरीत भरलेलं धुकं. नारळ नव्हता याची मला खंत होती. हौसाबाई म्हणाली की सुपारी ठेवा, चालतंय. मी हिरवी साडी ठेवली, खण ठेवला, तांदळाची ओंजळ घातली. आता ते ठरवून आणलेलं वाक्य म्हणायचं होतं. ओठ उघडले आणि भलतंच बाहेर आलं.

“कुमुदचं डोकं दुखत होतं,” मी म्हणाले. “मी उठले नाही.”

तो दगड काही बोलला नाही, फूल पडलं नाही, घंटा वाजली नाही. पावसाचं पाणी पत्र्यावरून ठिबकत होतं. हौसाबाई मागेच उभी होती, तिने ऐकलं असणार. तिने नैवेद्य दाखवला, डब्यातली खीर पळसाच्या पानावर घेतली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हात पुढे केले. पुरे म्हणाले नाही. थोडीच द्या, मला साखर आहे, असंही म्हणाले नाही; ते हिशेब नंतर करता येण्यासारखे होते. पानावरची सगळी खीर खाल्ली.

परतीच्या एसटीत मला रडू फुटलं. तेराव्यालाही आलं नव्हतं ते रडू. शेजारी एक अनोळखी बाई भाजीची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. एरवी मी खिडकीकडे तोंड फिरवलं असतं. तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि खडकवासला येईपर्यंत तसाच ठेवला. मीही तो काढून घेतला नाही.

यात चमत्कार कोणता, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. साखर उतरली होती, खीर मिळाली, साखर चढली. माझ्या व्यवसायात याला इलाज म्हणतात. सासूला ताप आला नसता, ओढ्याला पाणी आलं नसतं, तर काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही. मला फक्त इतकं उमगलं की शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं अर्पण करणं असतं असं मी समजत होते. माझ्या वाट्याला आलं ते फार साधं होतं: तोंड उघडणं, गिळणं, आणि आणखी हवं आहे असं म्हणणं. कुमुदची ती हाक अजून ऐकू येते. तिला मी उत्तर दिलं नाही हे खरंच आहे आणि ते खरंच राहणार. पण ते घेऊन आता मी एकटी बसत नाही. दिवा लावते, आणि त्याच्यासमोर ते सांगते.

हौसाबाईच्या वाडीला रेंज नाही. महिन्यातून एखाद्या वेळी ती शेळ्यांमागे वरच्या पठारावर जाते आणि तिथून मला फोन करते. वारा इतका असतो की निम्मं ऐकू येत नाही. सासूबाई बऱ्या आहेत, भात पोटरीला आला, असं काहीबाही सांगते. आणि प्रत्येक वेळी विचारते, “जेवलात का, ताई?” पूर्वी मी अशा प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून विषय संपवला असता. आता काय काय केलं होतं, किती खाल्लं, शेजारणीने काय आणून दिलं, ते सगळं तिला सावकाश सांगते.